ऑस्टिन बुलेवार्ड ओलांडताना : शिकागोजवळच्या एका घरशोधाचं प्रकरण

२०२२ च्या जानेवारीतल्या एका रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आम्हा तिघांकडेही कोणी वळून बघणार नाही असं एखादं गाव आहे का गं इथे?" उत्तर शोधायला आम्हाला पाच महिने लागले. एकोणीस वर्षं शिकागोच्या शॉमबर्ग या उपनगरात राहून या शहराबद्दल आणि आपल्या लोकांबद्दल जे मला कळलं नव्हतं, ते त्या पाच महिन्यांत कळलं. माझ्या ओळखीत अशी आणखी चार-पाच घरं आहेत, जिथे सून किंवा जावई आपल्यातले नाहीत आणि मुलं शाळेत जायच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. नावं मात्र कोणाचीच देत नाही.

बहीण नाशिकची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, आठवड्यातून दोन दिवस तिला लूपमधल्या, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती भागातल्या, ऑफिसात जावं लागतं. तिचा नवरा शिकागोच्या वेस्ट साइडला वाढलेला कृष्णवर्णीय अमेरिकन. हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. कोविडची दोन वर्षं त्याने व्हेंटिलेटरशेजारी काढली. भाची तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाणार होती. शिकागोच्या रॉजर्स पार्क वस्तीतल्या त्यांच्या भाड्याच्या घराचा मालक घर विकायला काढत होता, त्यामुळे जून-जुलैपर्यंत हलणं भागच होतं.

नेपरव्हिलचं हळदीकुंकू

पहिलं नाव अर्थातच नेपरव्हिलचं निघालं. कोणत्याही मराठी घरात विचारा, हेच नाव निघेल. दीड लाखाच्या आसपास वस्ती, शाळा नावाजलेल्या, ऑरोराचं बालाजी मंदिर जवळ, मुलांना मराठी शिकवायची सोय हाताशी. बहिणीच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणीही तिथेच. आशियाई लोक वीस टक्क्यांहून जास्त, म्हणजे रस्त्यात, दुकानात, शाळेच्या दारात आपली माणसं दिसणार. 'डायव्हर्स' या शब्दाला हे गाव आकड्याने नक्की उतरतं.

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी तिथल्या एका घरी हळदीकुंकू होतं. बहीण, भाची आणि मी गेलो. घर उबदार, यजमानीण मनमिळाऊ, वीसेक बायका, गप्पा रंगलेल्या. भाची हलव्याचे दाणे वेचत माझ्या मांडीवर बसली होती. तिचे केस दाट कुरळे, बहिणीने त्या दिवशी मोकळे सोडले होते. पन्नाशीच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या, तिच्या केसांतून हात फिरवला आणि बहिणीला अगदी प्रेमाने म्हणाल्या, "केस वडिलांचे गेलेत गं. मोठी झाली की स्ट्रेटनिंग करून घे, मग आपल्यातलीच वाटेल." निघताना त्याच बाईंनी तिच्या हातात तिळगुळाची वेगळी पुडी दिली. बाई वाईट नव्हत्या. हेच मला जास्त लागलं.

गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, आपल्यातली म्हणजे?" तिला मराठी येतं हे त्या खोलीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बहीण घरी पोचेपर्यंत बोलली नाही. रात्री तिने नेपरव्हिलचे आकडे पुन्हा उघडले. कृष्णवर्णीय रहिवासी पाच टक्क्यांच्या आसपास. तिच्यासाठी ते गाव मिसळलेलं होतं, नवऱ्यासाठी तितकं नव्हतं, आणि मुलीला तर त्या दोन्ही आकड्यांच्या मधल्या जागेत उभं राहायचं होतं. एखाद्या गावात कोण राहतं ते जनगणना सांगते. कोण कोणाकडे जेवायला जातं, ते तिथे लिहिलेलं नसतं.

इथे आपल्याबद्दलही बोललं पाहिजे. पुण्या-मुंबईत सोसायटीत घर देताना आडनाव विचारतात, मांसाहारी चालणार नाही म्हणतात, मुसलमान कुटुंबाला दलाल परस्पर दुसरीकडे वळवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती सवय विमानात आपल्याबरोबर बसून येते. गोऱ्यांनी आपल्याला काय म्हटलं याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. कृष्णवर्णीयांबद्दल आपल्याच जेवणाच्या टेबलावर काय बोललं जातं, ते मुलं स्वतःच ऐकतात.

एजंट उत्तर का देत नाही

पुढच्या आठवड्यात बहिणीने घरांच्या एजंटला सरळ विचारलं, अमुक गाव मिसळलेलं आहे का, आमच्यासारख्या कुटुंबाला बरं पडेल का? तो म्हणाला, याचं उत्तर मला देता येणार नाही, तुम्ही स्वतः बघून ठरवा. बहिणीला वाटलं टाळतोय. मेहुण्याने समजावलं, तो कायदा पाळतोय.

११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर बरोबर एका आठवड्याने, अमेरिकेत फेअर हाउसिंगचा, म्हणजे घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी करणारा, कायदा झाला. त्याआधी एजंटच ठरवायचे की कोणत्या वंशाच्या गिऱ्हाइकाला कोणत्या वस्तीत घर दाखवायचं. याला 'स्टिअरिंग' म्हणतात. आता वस्तीच्या वंशाबद्दल एजंटाने काही सांगणं म्हणजे पुन्हा तेच करणं, म्हणून तो गप्प बसतो. गैरसोय होते खरी, पण ती गैरसोय सोसण्यासारखी आहे.

मेहुण्याच्या घरात हा इतिहास पुस्तकातला नाही. त्याची आजी मिसिसिपीहून शिकागोला आली आणि वेस्ट साइडच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये घर घेतलं ते 'कॉन्ट्रॅक्ट'वर. १९३४ पासून सरकारी हमी असलेली गृहकर्जं कृष्णवर्णीय वस्त्यांना जवळजवळ मिळतच नसत, मग मध्यस्थ स्वतः स्वस्तात घर घेऊन दुप्पट-तिप्पट भावाने हप्त्यांवर विकत. शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि आजवर भरलेले पैसेही. आजीचं घर असंच गेलं. नंतर ते कुटुंब आणखी पश्चिमेला, शिकागोच्याच ऑस्टिन या वस्तीत आलं. मेहुण्याची आई आजही तिथेच राहते. "मी घर बघत नाही," तो एकदा मला म्हणाला, "मी आधी कागद बघतो, ताई."

एजंट बोलत नाही म्हटल्यावर आम्ही तिघांनी काम वाटून घेतलं. बहिणीने जनगणनेचे नकाशे घेतले, पण गावाचे नाहीत, त्याच्या आतल्या छोट्या विभागांचे. गावाची टक्केवारी छान असते आणि आत बघावं तर रेल्वेच्या एका बाजूला एक वंश, दुसऱ्या बाजूला दुसरा, असं खूपदा निघतं. मी शाळा घेतल्या. इलिनॉय राज्य प्रत्येक सरकारी शाळेचं प्रगतिपत्रक जाहीर करतं, त्यात मुलांची वंशवार विभागणी असते, शिक्षकांचीही असते. गावातलं प्रमाण आणि शाळेतलं प्रमाण शेजारी शेजारी ठेवलं की बरंच समजतं. दोन्हींत मोठा फरक असेल, तर काही घरांनी आपली मुलं त्या शाळेतून काढून घेतलेली असतात. दहापैकी गुण देणाऱ्या वेबसाइट आम्ही दुसऱ्याच दिवशी बंद केल्या. ते गुण पालकांच्या पगाराबरोबर वरखाली होतात. मेहुण्याने कर, कर्ज आणि प्रवास घेतला.

एव्हन्स्टनवर आम्ही तिघंही खूश होतो. मिशिगन सरोवराकाठचं गाव, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ, आणि २०२१ मध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांना घरांच्या बाबतीत पूर्वी झालेल्या भेदभावाची भरपाई म्हणून घरासाठी पंचवीस हजार डॉलर द्यायचं ठरवणारं देशातलं पहिलं शहर. पण नकाशात आत शिरल्यावर दिसलं की १९६७ मध्ये गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र शिकावीत या नावाखाली कृष्णवर्णीय वस्तीतली शाळा बंद झाली आणि तेव्हापासून तिथली मुलं बसने दूर जात होती. नवी शाळा बांधायचा निर्णय २०२२ मध्ये होत होता. ओझं कोणी उचललं हे त्यातून स्पष्ट दिसत होतं. तरीही आम्ही घेतलं असतं, पण घरांच्या किमती आणि हॉस्पिटलचं अंतर दोन्ही झेपेना.

होमवूड-फ्लॉसमूर ही मेहुण्याची निवड होती. शिकागोच्या दक्षिणेला जोडगावं, कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची चांगली घरं, गोरी घरंही पुष्कळ, लूपला थेट मेट्रा, म्हणजे उपनगरी रेल्वे. तिथे तो एका दुपारी रस्त्याने हिंडला आणि परत येऊन म्हणाला की कित्येक वर्षांनी पाठ सैल सोडून चाललो. हे वाक्य मी विसरले नाही. अडचण शाळेची होती. हायस्कूलमध्ये गोऱ्या मुलांचं प्रमाण गावातल्या प्रमाणापेक्षा खूपच कमी होतं, म्हणजे मिसळण हळूहळू सुटत चालली होती. आणि तिथून आपली माणसं फार लांब. बहीण म्हणाली, तुझी पाठ सैल होईल, माझी आवळेल. त्यावर दोघं दोन दिवस एकमेकांशी तुटक बोलत होते.

"तिथे नाही"

ओक पार्क हे नाव मी काढलं. मेहुणा लगेच म्हणाला, "तिथे नाही."

हे गाव लूपपासून तेरा-चौदा किलोमीटर पश्चिमेला आहे. जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, लोकसंख्या साडेचौपन्न हजार. लेखक हेमिंग्वेचं जन्मगाव, वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेली घरं बघायला जगभरातून लोक येतात. २०२० च्या जनगणनेत साधारण ६० टक्के गोरे, १८ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय, दहाएक टक्के लॅटिनो, पाच-सहा टक्के आशियाई. शिकागोच्या लोकल गाड्यांचे ग्रीन लाइन आणि ब्लू लाइन हे दोन्ही मार्ग गावातून जातात. ब्लू लाइन मेहुण्याच्या हॉस्पिटलापाशी थांबते. कागदावर सगळं जुळत होतं.

पण गावाची पूर्वेची हद्द म्हणजे ऑस्टिन बुलेवार्ड, आणि त्या रस्त्याच्या पलीकडे शिकागोचं ऑस्टिन. मेहुणा तिथेच वाढला. अकरा वर्षांचा असताना तो सायकल घेऊन पलीकडे गेला होता. कोपऱ्यावरच्या घरासमोर पानं गोळा करणाऱ्या माणसाने त्याला थांबवून विचारलं, "हरवलास का?" मदत करण्याच्या सुरात नव्हे. तो घरी परतला आणि हायस्कूल संपेपर्यंत पुन्हा तिकडे गेला नाही. त्याच्या मनात तो रस्ता म्हणजे भिंत होती, आणि बायकोने व मेव्हणीने नकाशावर त्या भिंतीवरच बोट ठेवलं होतं.

त्याचा राग मला समजत होता, म्हणून मी आधी तो इतिहास वाचायला घेतला.

पर्सी ज्युलियन हे मोठे रसायनशास्त्रज्ञ. १९३५ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मिन हे काचबिंदूवरचं औषध प्रयोगशाळेत तयार केलं, पुढे सोयाबीनपासून संप्रेरकं बनवायची वाट काढली. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कच्या ईस्ट अव्हेन्यूवर घर घेतलं. कुटुंब राहायला येण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, ते पेटवून द्यायचा प्रयत्न झाला. पुढच्या जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकलं गेलं; मुलं तेव्हा आत होती. बापलेक बंदूक घेऊन रात्री बागेत पहारा देत, असं त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं आहे. ज्युलियन हलले नाहीत. गावातल्याच काही लोकांनी त्यांच्या बाजूने सभा घेतल्या.

ऑस्टिनचं काय झालं तेही बघायला हवं. १९६० मध्ये ती वस्ती जवळजवळ पूर्ण गोरी होती. मग एजंट घरोघर फिरून सांगू लागले, 'ते' येताहेत, भाव पडायच्या आत विका. घाबरलेल्यांकडून स्वस्तात घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना महाग विकायचं. या धंद्याला 'ब्लॉकबस्टिंग' म्हणत. १९८० पर्यंत ऑस्टिनमध्ये चारातले तीन रहिवासी कृष्णवर्णीय होते. गोरे गेले, त्यांच्यामागून दुकानं गेली, बँका गेल्या, आणि मागे राहिलेल्यांनाच वस्ती खराब केल्याचा दोष लागला. ओक पार्क रस्त्यापलीकडून हे बघत होतं. पुढची पाळी आपली, असं सगळेच धरून चालले होते.

तसं झालं नाही, आणि ते आपोआप टळलं असंही नाही. मे १९६८ मध्ये गावाने स्वतःचा फेअर हाउसिंगचा नियम केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड यांनी ओक पार्क हाउसिंग सेंटर सुरू केलं. भाड्याने घर शोधायला येणारा माणूस स्वतः होऊन जिथे आपल्या वंशाची माणसं आहेत तिकडेच जातो. हे सेंटर त्याच्यापुढे गावाच्या सगळ्या भागांतली घरं ठेवायचं आणि जिकडे तो गेला नसता तिकडेही बघायला सांगायचं. भीती पसरू नये म्हणून घरांपुढे 'विकणे आहे'च्या पाट्या लावायला बंदी केली. १९७७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी इथे लोक नंतरही आपखुशीने पाट्या लावत नसत. १९७० च्या दशकाच्या शेवटी तर गावाने घरमालकांना हमी दिली: पाच वर्षांनी घर ठरलेल्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागलं, तर तोट्याचा ८० टक्के भाग आम्ही भरू. त्या योजनेतून कधी एक पैसा द्यावा लागला नाही. १९७५ मध्ये नवी ग्रामकचेरी बांधली तीही मुद्दाम गावाच्या पूर्व भागात, ऑस्टिनच्या बाजूला. आम्ही इथून पळत नाही, हे विटांनी सांगितलं.

हे सगळं मी मेहुण्याला पाठवलं. त्याने एका ओळीचं उत्तर दिलं : "मग ते बंद रस्ते कशाला?"

तो प्रश्न बरोबर होता. ऑस्टिन बुलेवार्डला मिळणारे ओक पार्कचे कित्येक रस्ते शेवटाला बंद केलेले आहेत. कडेला दगडी कट्टा, त्यात झुडपं, गाडी वळून माघारी जाते. रहदारी कमी व्हावी म्हणून, असं गाव सांगतं. पलीकडून बघणाऱ्याला ती तटबंदी वाटते. माझ्या मते दोन्ही खरं आहे, आणि जे गाव आपल्याला बोलावतं आहे त्याने शेजाऱ्याला दार लावून घेतलं आहे, हे माहीत असूनच तिथे जायचं की नाही ते ठरवायला हवं होतं.

चार फेऱ्या आणि एक सासूबाई

मेहुणा 'बघायला' तयार झाला, 'राहायला' नाही. आम्ही एप्रिल-मेमध्ये चार वेळा गेलो, प्रत्येक वेळी वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी.

पहिल्यांदा शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. मुलं घोळक्याने बाहेर येतात, ते घोळके कसे असतात? किंडरगार्टन-पहिलीचे घोळके सगळ्या रंगांचे होते. चौथी-पाचवीचे थोडे वेगवेगळे व्हायला लागले होते. बहिणीने ते वहीत लिहिलं. पालकही बघितले: एक गोरी आई आणि एक कृष्णवर्णीय बाबा कोणाच्या पोहण्याच्या क्लासला कोण नेणार यावर वाद घालत होते, रोजची ओळख असल्यासारखा. अशा गोष्टी कोणी पाहुण्यांसाठी मांडून ठेवत नाही.

दुसरी फेरी शनिवारच्या शेतकरी बाजाराची. तो मे ते ऑक्टोबर एका चर्चच्या आवारात भरतो आणि चर्चचे स्वयंसेवक तिथेच गरम डोनट तळतात. रांग लांब होती. भाची रांगेत पुढच्या मुलीशी बोलायला लागली. तिचे केसही तिच्यासारखेच, आई गोरी. दोघींनी एकमेकींच्या वेण्यांतले मणी मोजले. भाचीचे सोळा भरले.

तिसऱ्या फेरीत मेहुणा एकटाच गेला आणि केस कापून आला. चालत जाता येईल असं, त्याच्यासारखे केस कापता येणारं दुकान आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. बहिणीने पंधरा गावांच्या माहितीचा तक्ता केला होता, त्यात हा रकाना नव्हता. तो नंतर घातला.

चौथ्यांदा त्याची आई बरोबर आली. बहाद्दर बाई, सत्तरीच्या. पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेली. बंद रस्त्याच्या कट्ट्यापाशी आम्ही पाच जण उभे होतो, समोर बुलेवार्ड, पलीकडे त्यांची वस्ती. मुलगा आईला सगळी कारणं सांगत होता, इथे का नको याची. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथून माझ्या घरापर्यंत ही पोर चालत येईल का?" तो म्हणाला, वीस मिनिटं. "मग मला बाकीचं सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

भाडं, मग घर

मी त्यांना एकच आग्रह केला होता, आधी भाड्याने राहा. हाउसिंग सेंटरमधून त्यांनी गावाच्या वेगवेगळ्या भागांतली घरं बघितली आणि जुलै २०२२ मध्ये पूर्वेकडच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत दोन बेडरूमचं घर घेतलं. दोन वर्षं तिथे राहिले. २०२४ च्या वसंतात आयझनहावर एक्स्प्रेसवेच्या दक्षिणेला छोटा बंगला विकत घेतला. तिकडे किमती जरा आटोक्यात असतात.

खर्चाबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे भले भले फसतात. ओक पार्कचा मालमत्ता कर जबरदस्त आहे; घराच्या बाजारभावाच्या साधारण तीन टक्क्यांच्या घरात दरवर्षी. कर्जाच्या हप्त्यावर हे बसतं. बहिणीने घराची किंमत बघून बजेट केलं होतं, मेहुण्याने कर धरून पुन्हा केलं आणि यादीतली निम्मी घरं गळाली. चांगल्या शाळा, ग्रंथालयं, हे सगळं त्याच पैशातून चालतं हे खरं. पण त्याच करामुळे मध्यम पगाराची कृष्णवर्णीय कुटुंबं गाव सोडतात, हेही तिथले लोक बोलून दाखवतात. आणि रात्री अडीच ते सकाळी सहा रस्त्यावर गाडी लावायला बंदी आहे. शिफ्ट ड्युटीवाल्याने हे आधी बघावं.

पहिल्याच हिवाळ्यात एक प्रसंग घडला. मेहुणा रात्री साडेबाराला ड्युटीवरून येऊन इमारतीच्या मागच्या दाराशी किल्ली शोधत होता. वरच्या मजल्यावरच्या एका बाईने खिडकीतून विचारलं, "कोणाकडे काम आहे?" तो तिथे पाच महिने राहत होता. अंगात हॉस्पिटलचा निळा गणवेश होता. त्याने फक्त घराचा नंबर सांगितला. बहिणीने सकाळी वर जाऊन दार वाजवलं आणि त्या बाईला चहाला बोलावलं. मी असते तर भांडले असते. बाई आली, अवघडून बसली, माफी मागितली. मेहुणा त्या चहाला थांबला नाही, आणि त्याने थांबावं असं बहिणीने म्हटलंही नाही. त्याचं आणि त्या बाईचं तेव्हापासून जिन्यात नमस्कारापुरतं होतं, त्याहून पुढे गेलं नाही.

शाळेबद्दलही भाबडं राहून चालणार नाही. गावाच्या हायस्कूलमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतली दरी अनेक दशकांची आहे. इमारत एक, पण वरच्या पातळीच्या वर्गांत बहुतेक गोरी मुलं, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२२ पासून नववीच्या मुलांना सुरुवातीपासूनच वेगळं न काढता बऱ्याच विषयांत एकत्र बसवायला त्यांनी सुरुवात केली. त्यावर गावात जोरदार वाद झाला. बहीण शाळा मंडळाच्या सभांना जाते. नाशिकला आमचे बाबा पालक सभेला जायचे ते सही करायला. ही तिथे तीन मिनिटांचं भाषण लिहून नेते. तिला सगळ्यात धीर देणारी गोष्ट कोणती असं मी विचारलं, तर म्हणाली, इथे या दरीबद्दल लोक मोठ्याने बोलतात. आमच्या शॉमबर्गला आशियाई लोक ओक पार्कपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि एकोणीस वर्षांत मी शाळेच्या एकाही सभेत वंश हा शब्द ऐकलेला नाही.

मराठीपण मात्र तिला कमवावं लागतं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं, पण त्याची वर्दळ दूरच्या उपनगरांत. मराठी वर्गासाठी रविवारी पाऊण तास गाडी. गणपतीला ओक पार्कात दुर्वा मिळत नाहीत, त्यासाठी शिकागोतला भारतीय दुकानांचा डेव्हॉन अव्हेन्यू गाठावा लागतो. काही मैत्रिणी सुरुवातीला 'तिकडे ऑस्टिनच्या बाजूला?' म्हणत यायला कचरल्या. दोघी आल्या. बाकीच्यांची वाट बघणं बहिणीने सोडून दिलं आहे.

दोन आज्या

२०२३ च्या उन्हाळ्यात आमची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली. माझ्याकडे ती घरात कोंडल्यासारखी राहते, कारण कुठेही जायचं तर गाडी लागते. बहिणीकडे ती दुसऱ्याच दिवशी एकटी ग्रंथालयात गेली, शेजारच्या स्कोव्हिल पार्कात बसली, परत आली. जावयाशी ती लग्नापासून जपून, अहो-जाहो करत, इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून बोलायची. मनात काय होतं ते मला माहीत आहे. तिच्या वयाचा मान राखून इथे लिहीत नाही.

भाचीच्या केसांना ती रोज खोबरेल तेल लावून आपल्या पद्धतीने वरून खाली विंचरायला जायची आणि पोर किंचाळायची. एका रविवारी मेहुण्याच्या आईने ते बघितलं. त्यांनी कंगवा हातातून घेतला, बाजूला ठेवला, रुंद दातांचा दुसरा काढला. केस ओले केले, चार भाग केले, एकाची टोकं मुठीत धरून खालून वर, एकेक गुंता बोटांनी सोडवत गेल्या. आई शेजारी मोढ्यावर बसून बघत होती. दुसऱ्या भागाच्या वेळी तिने हात पुढे केला. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी जेमतेम; तासभर दोघी त्या डोक्यावर वाकलेल्या. तेल तेवढं आईने आपलंच लावलं, ते त्यांनी वास घेऊन मान्य केलं.

आई परत गेली, पण तो रुंद कंगवा व्हिडिओ कॉलवर अजून मागवते, दाखव बरं गुंता राहिलाय का.

भाची आता तिसरीत आहे. सहावीला ती ज्या दोनपैकी एका मिडल स्कूलमध्ये जाईल, त्यातल्या एकाचं नाव पर्सी ज्युलियन. शाळेतली चौथी-पाचवीतली फाकणारी टोळकी बहिणीच्या वहीत अजून आहेत. पुढच्या वर्षी भाची त्या वयात येईल. मेहुण्याची आई ऑस्टिनमधून हलायला तयार नाही, तिच्या ब्लॉकवर तिची माणसं आहेत. म्हणून दर रविवारी दुपारी बापलेक सायकलवर तिकडे जातात. त्या बंद रस्त्याच्या टोकाशी उतरून सायकल कट्ट्यावरून पलीकडे उचलून ठेवावी लागते. आधी दोन्ही सायकली मेहुणा उचलायचा. या उन्हाळ्यापासून भाची आपली स्वतः उचलते आणि बुलेवार्डच्या सिग्नलपाशी त्याची वाट बघत थांबते.